पायाखालची प्रतिमा : ‘सायलेन्स’वरील जुन्या टिपणांच्या निमित्ताने

गेल्या वर्षी माझी बदली झाली. नव्या धर्मग्रामात सामान उतरवताना पुस्तकांच्या एका खोक्याच्या तळाशी निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही हाती लागली. गुरुविद्यालयात ईशज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका कादंबरीवर काढलेली ती टिपणे होती. डाव्या पानावर ‘भाषा’, उजव्या पानावर ‘आशय’ असे मथळे आणि त्यांखाली लाल शाईची रेघ. पुस्तकाची अशी डावी-उजवी वाटणी केली की ते समजले, असे विद्यार्थिदशेत वाटत असते. कादंबरी होती जपानी लेखक शुसाकु एंडो यांची. मूळ नाव ‘चिन्मोकु’, म्हणजे मौन. मूळ पुस्तक १९६६ सालचे. आम्ही वाचले ते विल्यम जॉन्स्टन या आयरिश येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६९ मध्ये केलेले इंग्रजी भाषांतर, ‘सायलेन्स’.

वहीतील शेवटचे वाक्य असे आहे : ‘नायक दुबळा निघाला, पुस्तक निराश करते.’ त्यापुढे आमच्या प्राध्यापकांनी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. गुण दिलेले नाहीत, शेराही नाही. तेव्हा मला त्याचा थोडा रागच आला असावा, कारण वही मी पुन्हा उघडली नाही.

मग संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आला. प्रवचनात मी नागासाकीच्या टेकडीवरील सव्वीस क्रूसांची कथा सांगितली. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. टोपी हातात धरून त्यांनी विचारले, “फादर, त्या सव्वीस जणांचं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण जे घाबरले, त्यांचं काय झालं? त्यांची नावं कुणी ठेवली का?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. त्या गृहस्थांचा मुलगा बरीच वर्षे चर्चची पायरी चढलेला नाही, हे मला नंतर समजले. रात्री मी ती वही काढली. खालील लेखन म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी आपल्याला ठाऊक असलेली बाजू. गोन्सालो यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. तरुण वयातच ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले आणि धर्मशिक्षक म्हणून काही वर्षे राबले. जपानी भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही तेव्हा ते व्यापारात शिरले, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले, ते मुख्यतः दुभाषा म्हणून. सत्ताधीश हिदेयोशीसमोर त्यांनीच बोलणी केली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रूसावर भाल्यांनी मारण्यात आले त्यांत ते होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. आपल्या वसईच्या संताचे शस्त्र जीभ होती, हे आपण सणाच्या गडबडीत विसरतो. पुढे जे सांगायचे आहे तेही बरेचसे भाषेविषयीच आहे.

१५९७ नंतर छळ काही काळ ओसरला. तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये संपूर्ण देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली तेव्हा जपानमधील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे ३ लाख असावी असा अंदाज आहे. १६२२ मध्ये नागासाकीला एकाच दिवशी पंचावन्न जणांना जाळून व शिरच्छेद करून मारण्यात आले. परंतु अधिकाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट येत होती. जाहीर मृत्युदंडाने ख्रिस्ती माणसे घाबरत नव्हती. उलट गर्दी गुडघे टेकून प्रार्थना म्हणे आणि राख जपून ठेवी. मरणारा माणूस त्यांच्या कामाचा नव्हता. त्यांना जिवंत राहून ‘नाही’ म्हणणारा माणूस हवा होता, आणि तोही शक्यतो धर्मगुरू. यातूनच दोन साधने पुढे आली. एक, फुमिए : ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यायला लावणे. दुसरे, आनाझुरी : माणसाचे अंग दोरांनी आवळून त्याला खड्ड्यात डोके खाली करून टांगणे, आणि रक्त डोक्यात साचून लवकर मरण येऊ नये म्हणून कानामागे बारीक छेद देणे. एक हात मोकळा ठेवीत, कारण शरणागतीची खूण करायला हात लागतो.

१८ ऑक्टोबर १६३३ रोजी नागासाकीत अशा खड्ड्यांत काही धर्मगुरूंना टांगण्यात आले. त्यांत येशूसंघाचे जपानमधील प्रमुख पोर्तुगीज धर्मगुरू क्रिस्तोव्हाव फेरेरा होते. वीसहून अधिक वर्षे त्यांनी जपानमध्ये सेवा केली होती. इतरांच्या हौतात्म्याचे वृत्तान्त तेच युरोपला लिहून पाठवीत. सुमारे पाच तासांनी त्यांनी खूण केली. त्याच वेळी टांगलेले जपानी येशूसंघीय धर्मगुरू जुलियन नाकाउरा मात्र तीन दिवस टिकले आणि तेथेच मरण पावले. हे नाकाउरा म्हणजे १५८२ मध्ये जपानहून रोमला निघालेल्या चार मुलांपैकी एक. ती मुले वाटेत १५८३ मध्ये गोव्यास आली होती आणि परतताना १५८७ मध्येही तेथे राहिली होती. २००८ मध्ये नागासाकी येथे नाकाउरा यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. फेरेरा यांना सावानो चूआन हे जपानी नाव देण्यात आले. त्यांच्या नावावर १६३६ मध्ये ख्रिस्ती धर्माविरुद्ध एक पुस्तिकाही निघाली. पकडलेल्या ख्रिस्ती लोकांच्या चौकशीत ते दुभाषाचे काम करीत. १६५० मध्ये ते वारले.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकाच संघाचे दोन धर्मगुरू. एक आज वेदीवर आहे, दुसऱ्याचे नाव संघाने वगळले. एंडो यांनी वगळलेल्या माणसाला हाती घेतले.

एंडो यांचा जन्म १९२३ चा. बालपण मांचुरियात गेले. आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर आई मुलांना घेऊन जपानला परतली, कॅथलिक झाली, आणि तिच्या इच्छेने या मुलाचाही बाप्तिस्मा झाला. हा धर्म म्हणजे आईने बेतलेला आणि आपल्या अंगाला न बसणारा परदेशी कपडा आहे, असे ते पुढे नेहमी म्हणत. तो काढून टाकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला, पण दुसरा कपडा त्यांच्याजवळ नव्हता. १९५० मध्ये ते फ्रेंच साहित्याच्या अभ्यासासाठी फ्रान्सला गेले आणि आजारी पडून परतले. १९६० नंतर क्षयाने त्यांना दीर्घकाळ इस्पितळात राहावे लागले. फुप्फुसावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर नागासाकीला त्यांनी एक जुनी फुमिए पाहिली. मधोमध धातूची प्रतिमा आणि भोवती लाकडी चौकट होती. त्या चौकटीवर काळसर डाग पडले होते. पाय देणाऱ्यांच्या अंगठ्यांचे ते ठसे. ‘हे पाय कोणाचे?’ हा प्रश्न घेऊन ते घरी आले. आमच्या वृद्ध गृहस्थांचाही प्रश्न तोच होता.

कादंबरीतील नायक सेबास्तियन रॉड्रिग्ज हा तरुण पोर्तुगीज धर्मगुरू आपल्या गुरूने, फेरेरा यांनी, खरोखर धर्मत्याग केला का हे पाहण्यासाठी गोवा व मकावमार्गे जपानला चोरून उतरतो. रॉड्रिग्ज काल्पनिक आहे, पण त्यामागे ज्युझेप्पे कियारा हा सिसिलीचा खराखुरा येशूसंघीय धर्मगुरू उभा आहे. तो १६४३ मध्ये जपानला उतरला, पकडला गेला, छळापुढे नमला, आणि ओकामोतो सान’एमोन या नावाने एदोमधील, म्हणजे आजच्या तोकियोतील, ‘ख्रिस्ती वाड्या’त १६८५ पर्यंत नजरकैदेत राहिला. कादंबरीतील चौकशी अधिकारी इनोऊए हाही इतिहासातील आहे. एंडो यांनी त्याला मृदुभाषी, हसतमुख, चहा पीत बोलणारा रंगवला आहे. आरडाओरडा करणारा क्रूरकर्मा वाचकाला हवा असतो, तो मिळत नाही.

आता वहीची डावी बाजू. तिथे मी लिहिले आहे : ‘निवेदन मध्येच बदलते. दोष?’ तो दोष नव्हता. कादंबरीचा आरंभ इतिहासकाराच्या कोरड्या आवाजात होतो. त्यानंतरची चार प्रकरणे म्हणजे रॉड्रिग्जची पत्रे आहेत. तिथे ‘मी’ आहे, उत्साह आहे आणि आपण सुवर्तेतील प्रसंग जगत आहोत याची थोडी गोड जाणीवही आहे. तो पकडला जातो आणि ‘मी’ थांबतो. पुढे निवेदक त्याला बहुतेक वेळा नावाने न हाकारता केवळ ‘धर्मगुरू’ म्हणतो. त्याच्या अंगावरची वस्त्रे गेली, गाव गेले, लोक गेले, आणि पद तेवढे राहिले. तेही लवकरच जाणार आहे. शेवटी एका डच व्यापाऱ्याच्या रोजनिशीतील तुटक नोंदी येतात, आणि अगदी अखेरीस ख्रिस्ती वाड्यावरील एका अधिकाऱ्याची दप्तरी नोंदवही, जुन्या सरकारी भाषेत लिहिलेली. तिथे आपला नायक ओकादा सान’एमोन या नावाने, नोकरचाकर, पहारे, जमाखर्च यांच्या गर्दीत कुठेतरी असतो. जो माणूस पत्रांतून आपल्याशी इतका बोलला, त्याला दप्तरात शोधावे लागते. कागदाची भाषा बदलली की माणूस कसा नाहीसा होतो, हे मी कोर्टकचेरीच्या कामांतून पुढे पाहिले. विद्यार्थी असताना ते कसे कळणार?

ही शेवटची नोंदवही पुष्कळ वाचक वगळतात, आणि मीही वगळली होती. वहीत तिच्यावर एक ओळ नाही. वस्तुतः कादंबरीचा शेवट तिथेच दडला आहे. ओकादा याला काहीतरी लिहून देण्याच्या कामाला लावले आहे, अशी नोंद त्यात येते. जाणकारांचे म्हणणे असे, की ते पुन्हा एकदा धर्मत्यागाचे लेखी निवेदन असावे. आणि एकदा धर्मत्याग केलेल्या माणसाकडून ते पुन्हा का घ्यावे लागावे? म्हणजे मध्यंतरी त्याने काहीतरी केले असले पाहिजे. याच नोंदींत किचिजिरो या नोकराच्या गळ्यातील ताईतात ख्रिस्ती चित्र सापडते. दप्तराला या गोष्टींचा अर्थ समजत नाही, म्हणूनच दप्तर त्या प्रामाणिकपणे नोंदवते. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१६ च्या चित्रपटात मृताच्या हाती चिमुकला क्रूस दाखवला आहे. तो कादंबरीत नाही, आणि तो दाखवायला नको होता असे माझे मत आहे.

आवाजांविषयी मात्र त्या विद्यार्थ्याने बरे लिहिले आहे. मौन नावाच्या या कादंबरीत पानोपानी ध्वनी आहेत : समुद्र, पाऊस, सिकाडा किड्यांची किरकिर, माशीची भुणभुण. तोमोगी गावातील मोकिची आणि इचिझो यांना भरतीच्या पाण्यात खांबांना बांधून मारतात तेव्हा लाटा त्याच संथ लयीत येत राहतात. सर्वांत भयंकर आवाज शेवटच्या रात्रीचा. अंधाऱ्या कोठडीत रॉड्रिग्जला कुणीतरी घोरत असल्याचे ऐकू येते. पहारेकरी दारू पिऊन झोपला असावा असे वाटून त्याला हसू येते, नंतर चीड येते. मग फेरेरा येऊन सांगतात, की ते घोरणे नसून खड्ड्यांत टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे. त्या शेतकऱ्यांनी आधीच धर्म नाकारला आहे. परंतु धर्मगुरू पाय ठेवीपर्यंत त्यांना वर काढणार नाहीत. देवाचे मौन असह्य होऊन जो त्याच्याशी भांडत होता, त्याला शेजारच्या माणसांचे विव्हळणे ओळखू आले नव्हते. वहीत या ठिकाणी मी दोन रेघा मारल्या आहेत आणि पुढे काही लिहिलेले नाही.

यानंतर येते ते क्रियापद. पायाखाली प्रतिमा आहे, झिजलेली, चेहरा जवळजवळ पुसला गेलेला. आणि त्या प्रतिमेतून ख्रिस्त बोलतो. जॉन्स्टन यांच्या भाषांतरात ती आज्ञा आहे. त्यावरून पुष्कळ वाद झाले : ख्रिस्त आपल्या धर्मगुरूला स्वतःला तुडवण्याची आज्ञा कशी देईल? मीही वहीत उद्गारचिन्हांसह हाच आक्षेप घेतला होता. पुढे जपानी जाणणाऱ्या एका धर्मगुरूंनी मला समजावून सांगितले, की मूळ क्रियारूपात हुकूम नाही, मुभा आहे. मराठीत ‘तुडव’ आणि ‘ठेव हो पाय’ यांत जो फरक आहे तो तिथे आहे. ठेच लागलेल्या मुलाला आई ‘रड हो’ म्हणते, तेव्हा ती त्याला रडण्याचा हुकूम देत नसते. एका क्रियापदाच्या रूपावर सबंध ईशज्ञान तोलले गेले आहे. एंडो यांच्या मनातील ख्रिस्त हा आईसारखा होता, हे त्यांनी इतरत्रही लिहिले आहे. अर्थात या सवलतीची किंमत कादंबरी लपवीत नाही. पहाट होते आणि दूर कोंबडा आरवतो. पेत्राची आठवण करून देण्यासाठी लेखकाला अधिक शब्द लागत नाहीत.

पुस्तकाचे मूळ नाव लेखकाला वेगळे हवे होते, उन्हाच्या जागेचा गंध अशा अर्थाचे. ‘मौन’ हे नाव प्रकाशकाच्या आग्रहाने आले. या नावामुळे वाचक ‘देव गप्प राहतो’ एवढेच घेऊन जातात, याची खंत एंडो यांना होती.

आता उजवी बाजू, आशयाची. तिथे सर्वांत मोठे टिपण ‘दलदल’ या शब्दावर आहे. कादंबरीत फेरेरा रॉड्रिग्जला म्हणतात, हा देश दलदल आहे, इथे कोणतेही रोप लावा, मुळे कुजतात. जपानी लोक ज्याची भक्ती करीत होते तो आपला देव नव्हताच. आपण ‘देऊस’ म्हणत होतो, ते ‘दाइनिचि’ समजत होते. हा युक्तिवाद वाचताना मी हादरलो होतो, कारण त्यात एक खरी ऐतिहासिक घटना आहे, आणि तिचा एक धागा गोव्याशी जुळतो.

संत फ्रान्सिस झेवियर यांना १५४७ मध्ये मलाक्का येथे आंजिरो नावाचा एक जपानी माणूस भेटला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. संत पॉल महाविद्यालयात तो शिकला. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर कागोशिमाला उतरले ते त्याला सोबत घेऊन. देवासाठी जपानी शब्द कोणता, या प्रश्नावर आंजिरोने सुचवले : दाइनिचि. दाइनिचि म्हणजे महासूर्य, शिंगोन बौद्ध पंथाचा महावैरोचन बुद्ध. झेवियर रस्त्यांवर दाइनिचीची उपासना करा असे सांगू लागले आणि बौद्ध भिक्षू आनंदले. त्यांना वाटले, भारताकडून आलेला हा माणूस आपल्याच पंथाचा आहे. १५५१ मध्ये यामागुची येथे चूक ध्यानात आली. झेवियर यांनी तो शब्द तत्काळ टाकला आणि लॅटिन ‘देऊस’ तसाच वापरायचे ठरवले. विरोधकांनी त्यावरही कोटी केली; जपानीत ‘दाइ उसो’ म्हणजे मोठे खोटे.

म्हणजे कादंबरीतील फेरेरा जी गफलत सांगतात ती दोन वर्षांत दुरुस्त झाली होती. पुढच्या धर्मप्रचारकांनी तर धसका घेऊन मूळ शब्दच रुजवले : पाद्रेचे ‘बातेरेन’ झाले, जपमाळेचे ‘कोन्तात्सु’, प्रार्थनेचे ‘ओराशो’. आपल्या मराठीतही ‘पाद्री’, ‘क्रूस’, ‘मिस्सा’ असेच आले. परंतु आपल्याकडे दुसरीही वाट निघाली. जपानमध्ये १६१४ ची बंदी आली त्याच सुमारास, १६१६ मध्ये, गोव्यात राशोल येथे थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बिनदिक्कत येतो. झेवियर यांना ज्या धोक्यापासून पळावे लागले, तोच धोका स्टीफन्स यांनी पत्करला आणि तो पचला. का पचला, याचे उत्तर माझ्या मते सोपे आहे : आंजिरोला शास्त्र नीट ठाऊक नव्हते आणि झेवियर यांना भाषा, स्टीफन्स १५७९ पासून इथल्या भाषेत मुरले होते.

भाषेचा हा प्रश्न प्रेमाचाही असतो. कादंबरीत एक जपानी दुभाषा आहे. तो धर्मशाळेत पोर्तुगीज शिकलेला, पण मनात कडू. कॅब्राल नावाच्या धर्मगुरूंनी आमच्या भाषेचा, जेवणाचा, चालीरीतींचा तिरस्कार केला, असे तो म्हणतो. फ्रान्सिस्को कॅब्राल हे खरोखर १५७० पासून दशकभर जपानमधील प्रमुख होते, आणि जपानी लोकांविषयी त्यांची मते अशीच होती. वरिष्ठ व्हालिन्यानो यांनी त्यांना हटवले. पुढे ते गोव्यास गेले आणि १६०९ मध्ये तेथेच वारले. कादंबरीतील दुभाष्याची व त्यांची भेट काळाच्या हिशेबात बसणे कठीण. तरी अपमानाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या चालते हे खरेच. आपले गोन्सालो धर्मशिक्षक होते तो काळही कॅब्राल यांचाच. दुभाषा होऊन एक माणूस क्रूसापर्यंत गेला आणि दुसरा छळणाऱ्यांच्या पंगतीत बसला.

दलदलीच्या युक्तिवादाला इतिहासाने जे उत्तर दिले ते विद्यार्थी असताना मला पुरते ठाऊक नव्हते. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये फादर बर्नार पेतिजाँ यांच्याजवळ उराकामी खेड्यातील काही माणसे आली आणि आपलेही हृदय तुमच्यासारखेच आहे असे सांगून पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे, हे विचारू लागली. दोनशेहून अधिक वर्षे त्यांना धर्मगुरू नव्हते. घरातील वडीलधाऱ्यांनी बाप्तिस्मा द्यायचा, प्रार्थना तोंडपाठ ठेवायच्या. लॅटिन शब्द झिजून ओळखू न येण्याइतके बदलले होते, तरी त्यांचा जप चालू होता. सगळेच शुद्ध टिकले असे नाही. गुप्त ख्रिस्ती लोकांनी जपलेल्या सृष्टीच्या कथेत बायबलबरोबर स्थानिक पुराणेही मिसळली, आणि अनेक कुटुंबे नंतरही ख्रिस्तसभेत परतली नाहीत. फेरेरा यांचे म्हणणे अर्धे खरे होते, असे फार तर म्हणता येईल. १७३९ नंतर वसईतही मोजकेच धर्मगुरू उरले होते. तिथे फुमिए नव्हती, म्हणून तुलना इथेच थांबवतो.

या गुप्त ख्रिस्ती लोकांच्या भाषेतील एक शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो : ‘कोनचिरिसान’, पोर्तुगीज ‘कोन्त्रिसाव’, म्हणजे पूर्ण पश्चात्ताप. देशव्यापी बंदी येण्याआधी, १६०३ मध्ये, या विषयावर एक छोटी पुस्तिका निघाली होती. धर्मगुरू नसताना, पापनिवेदन शक्य नसताना, देवाच्या प्रेमापोटी केलेला पश्चात्ताप पुरेसा आहे, असे ती शिकवी. नागासाकी परिसरात दरवर्षी नव्या वर्षाच्या सुमारास लोकांना फुमिएवर पाय द्यावा लागे. १६६९ मध्ये त्यासाठी पितळेच्या वीस फुमिए ओतवून घेतल्या होत्या. ही प्रथा १८५० च्या दशकाच्या अखेरीस थांबली. आता हिशेब करा. १८६५ मध्ये जी माणसे मूर्ती कुठे आहे असे विचारत आली, त्यांच्यातील मोठ्यांनी स्वतः त्या पितळेवर पाय ठेवला होता. त्यांच्या आईबापांनी ठेवला होता, आजोबा-पणजोबांनीही. पाय ठेवायचा, घरी जायचे, दार लावून कोनचिरिसान म्हणायचे. जे ठाम राहिले ते मारले गेले, आणि त्यांचे घराणे तिथेच संपले. श्रद्धा दोनशे वर्षे ज्यांच्या हातून पुढे आली ती माणसे पाय ठेवणाऱ्यांची लेकरे होती.

किचिजिरो या पात्राविषयी मी वहीत ‘तिरस्करणीय’ एवढाच शब्द लिहिला आहे. त्याच्या घरचे सर्व जण जळून मेले आणि त्याने एकट्याने पाय ठेवला. रॉड्रिग्जला पैशांसाठी त्यानेच पकडून दिले. आणि दरवेळी तो पुन्हा येतो, तुरुंगाच्या दारापर्यंत, पावसात भिजत, आणि पापनिवेदन मागतो. शांततेच्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून सुखाने मेलो असतो, अशी त्याची तक्रार आहे. ती तक्रार आता मला ऐकवत नाही. आपण सारे शांततेच्या काळातले. तीस वर्षे पापनिवेदन ऐकल्यावर ‘तिरस्करणीय’ हा शब्द मी खोडला. तेच तेच पाप घेऊन येणारा माणूस निदान येतो. पण एंडो यांच्याशी माझे एका बाबतीत जमत नाही. दुबळ्याला जागा देता देता त्यांच्या पानांवर ठाम राहणारी माणसे थोडी सपाट होतात. मोकिचीला मरण आहे, परंतु किचिजिरोइतके मन नाही. जुलियन नाकाउरा यांच्या तीन दिवसांत काय चालले असेल, हेही एखाद्या कादंबरीकाराने विचारायला हवे होते. कादंबरी निघाली तेव्हा जपानमधील काही धर्मगुरू नाराज झाले, ते केवळ सोवळेपणाने झाले असे मला वाटत नाही.

कियाराच्या मृत्यूनंतर त्या ख्रिस्ती वाड्यात आणखी एक सिसिलीचा धर्मगुरू कैदेत आला : जोव्हान्नी सिदोत्ती, १७०८ मध्ये जपानला उतरलेला. त्याच्या दिमतीला चोसुके आणि हारु हे नवराबायको नोकर होते. त्या दोघांनी सिदोत्तीकडून बाप्तिस्मा घेतल्याचे स्वतःहून कबूल केले. १७१४ मध्ये सिदोत्ती आणि चोसुके कैदेतच मेले. २०१४ मध्ये तोकियोत एका इमारतीचे खोदकाम चालू असताना सिदोत्तीची हाडे सापडली. धर्म सोडलेल्यांसाठी बांधलेला हा वाडा.

एप्रिलमध्ये मी त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. मुलगा घरीच होता. तो उठून आत गेला नाही. मी त्यांना उराकामीची पुढची हकिकत सांगितली. १८६७ मध्ये उराकामीच्या गुप्त ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. छळ झाला आणि तुरुंगातील जवळजवळ सर्वांनी धर्म सोडल्याचे लिहून दिले; ताकागी सेन’एमोन नावाचा एक माणूस तेवढा ठाम राहिला. बाकीचे सुटले आणि गावी गेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना आत घेतले नाही, असेही सांगतात. मग त्यांतील बरेच जण उठून गावच्या मुखियाकडे गेले आणि आम्ही जे लिहून दिले ते परत घेतो, असे त्याला सांगितले. पुढल्या वर्षापासून गावातील सुमारे ३,४०० माणसांना देशभर हद्दपार करण्यात आले, त्यांत ही माणसेही होती. ६०० हून अधिक परत आली नाहीत. १८७३ मध्ये बंदी उठली.

गृहस्थांनी विचारले, “त्यांची नावं आहेत का, फादर?” उराकामीच्या हद्दपारांच्या याद्या आहेत, असे मी सांगितले. मुलाने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि विचारले, की मुखियाने ते कागद परत दिले का.